पुतळ्यांच्या माळेतली परदेशी बाई

दागिना हातात आला की मी आधी तो उलटा करते. पुढची बाजू गिऱ्हाइकाने कौतुक करायला असते, मागची बाजू मला वाचायला. समोरून कितीही नटलेला असू दे, पाठीवर त्याचं सगळं लिहिलेलं असतं. कानशीचे ओरखडे, झाळून जोडलेले सांधे, कुणीतरी घाईघाईत केलेली दुरुस्ती. गिरगावातल्या आमच्या टीचभर दुकानात मी उभा जन्म हेच केलं. आता दुकान बंद करून घरी बसले तरी लग्नाच्या हॉलमध्ये शेजारणीच्या गळ्यातलं पेंडंट उलटून बघायला हात शिवशिवतो. सूनबाई कोपराने ढोसते, म्हणून थांबते.

माझा धंदा काय, हे सांगायला मला नेहमी दोन वाक्यं जास्त लागली. मी सोनाराची मुलगी, पण सोनं फारसं हाताळलं नाही. मी हाताळलं पितळ, कथील, काच आणि धातूवर भाजलेला मिना. पॅरिस, लंडन, शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांत पूर्वी देशोदेशीची यंत्रं, कापड, कलाकुसर मांडून प्रचंड जागतिक प्रदर्शनं भरायची. महिनोन्‌महिने चालायची. आलेला माणूस परत जाताना बायकोसाठी, बहिणीसाठी आठवण म्हणून काहीतरी घ्यायचाच. मनोऱ्याचं चित्र असलेला ब्रोच, पृथ्वीच्या गोलाचं लॉकेट, प्रदर्शनाचं नाव कोरलेली अंगठी. वर सोन्याचं पाणी, आत पितळ. आपल्या जत्रेतून बांगड्या आणाव्यात तसंच ते.

हा माल मुंबईत कसा आला, असं लोक विचारतात. मुंबईत काय येत नाही? बोटीवरचे खलाशी आणि खानसामे घेऊन आले. व्यापाराला गेलेले पारशी शेठ घेऊन आले. हातमाग चालवून दाखवायला इथून नेलेले विणकर घेऊन आले. मग त्या वस्तू ट्रंकेच्या तळाशी गेल्या, आणि दोन पिढ्यांनी घर बदलताना बाहेर आल्या. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, या सगळ्याला सरसकट भंगार म्हणायचे. बोटीवर स्वयंपाकी असलेल्या एका गोवेकराने बिस्किटाच्या डब्यातून असले ब्रोच दुरुस्तीला आणले, तेव्हा अण्णांनी ते माझ्याकडे सरकवले. "तुझा हात बसेल," म्हणाले. हात बसला आणि जीवही जडला. अण्णा गेले तेव्हा दुकानात सोन्यापेक्षा भंगार जास्त होतं आणि ते घ्यायला लोक दुरून येत होते.

लोक म्हणजे संग्राहक. ही जमात वेगळीच. शिवाजी पार्कचे एक निवृत्त डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक. विमानाला घाबरतात, देशाबाहेर कधी गेले नाहीत. पण शंभर वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात कुठल्या मंडपाच्या डाव्या हाताला कारंजं होतं ते असं सांगतात, की सकाळी पार्काला फेरी मारून आल्यावर हे तिकडेही एक फेरी मारत असावेत. एकदा मी एका ब्रोचचं गाव चुकीचं सांगितलं, तर ते महिनाभर दुकानाकडे फिरकले नाहीत. आल्यावर म्हणाले, "विचार करत होतो, तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवावा का." थट्टा नव्हती ती.

या धंद्यात छातीत धस्स होण्याचे प्रसंग फार. दादरच्या एक बाई आजेसासूचं लॉकेट घेऊन आल्या. फोटो आधी पाठवला होता. सोन्याच्या पाण्यावर निळा मिना, कुठे खरचटसुद्धा नाही. डॉक्टर सकाळपासून येऊन बसले होते. बाईंनी रुमाल उघडला आणि म्हणाल्या, "तुम्हाला द्यायचं म्हणून चिंचेने चांगलं घासून आणलं हो. दिवाळीची भांडी काढलीच होती." लॉकेट समईसारखं झळकत होतं. मुलामा गेला, मिना गेला, राहिलं ते स्वच्छ पितळ. डॉक्टर उठून बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. मी आत जाऊन पाणी प्यायले. बाईंचा चेहरा इतका हौसेचा होता, की त्यांना काय सांगणार?

तर या धंद्याचा पहिला नियम, जुनी वस्तू घासायची नाही. दुसरा नियम अण्णांचा, कोणी काय घेतलं आणि कशासाठी घेतलं हे दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. दागिन्याच्या दुकानात माणसं मन मोकळं करतात. नवऱ्यापासून लपवलेलं, भावापासून लपवलेलं, सगळं काउंटरवर येतं. ते तिथेच राहिलं पाहिजे. हा नियम मी एकदाच मोडण्याच्या बेतात आले होते. ती हकिगत सांगायची म्हणून आज लिहायला बसले. नावं बदलली आहेत, इमारत सांगत नाही. जिच्या परवानगीने लिहितेय ती म्हणाली, "लिहा खुशाल. आमच्या घरात वाचायची सवय कोणाला आहे?"

मला फोन आला तो तन्वी नावाच्या मुलीचा. आठवड्यावर तिचं लग्न आलं होतं. आजीने, आईच्या आईने, तिला लहानपणीच शब्द दिला होता, की घरातली पुतळ्यांची माळ लग्नात तुझी. पुतळ्या म्हणजे सोन्याची पातळ नाणी, त्यावर उभ्या माणसांची आकृती, कडेला अक्षरं. अशा पुतळ्या ओवून केलेली माळ कोकणातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. या माळेचा गोफ जुना झाला म्हणून तन्वीच्या आईने ती गाठवायला सोनाराकडे नेली. सोनाराने सवयीने एकेक पुतळी कसोटीवर घासली, आणि एक पितळेची निघाली. तो म्हणाला, "ही पुतळीच नाही. परदेशातलं काहीतरी आहे. गिरगावात एक बाई आहेत, त्यांना दाखवा." तन्वी फोनवर रडत होती. म्हणाली, "तुम्ही प्लीज घरी या. आई आणि मामी दोघी वेड्या होतील आता."

परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या मागे, पुनर्विकासात बांधलेल्या इमारतीत तिच्या मामाचं घर होतं. पूर्वी तिथेच चाळ होती. आजोबा गिरणीत होते. मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. दार तन्वीने उघडलं आणि ती तिथेच भिंतीशी उभी राहिली. बाहेरच्या खोलीत टीपॉयवर लाल फडक्यात माळ ठेवली होती आणि कोणी तिच्याजवळ बसलं नव्हतं. तन्वीची आई शैला सोफ्याच्या कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिचा मोठा भाऊ मोहन खिडकीशी, हातात मोबाइल. त्याची बायको सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून. कोपऱ्यातल्या कॉटवर म्हातारी आजी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कोणी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मराठी घरात पाणी विचारलं नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय हे मला कळतं.

"ताई, एवढंच सांगा," शैला म्हणाली, "ही वस्तू माळेत कधी आली. कारण माळ आईने वहिनीच्या ताब्यात दिली त्याला जमाना झाला. कपाट वहिनीचं, किल्ली वहिनीची."

"मी नाही घेतली," सुनंदा म्हणाली. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं असावं, की आता त्यात जोर उरला नव्हता.

"मग पुतळीला पाय फुटले का? ऐन लग्नाच्या दिवसांत, भर दुकानात सोनार माझ्या तोंडावर सांगतो, बाई, तुमची माळ खोटी. व्याही शेजारी बसलेले."

"आत्तापर्यंत मी शैलाला थांबवलंय," मोहन मला म्हणाला, बायकोकडे न बघता. "ती पोलीस स्टेशनला जाते म्हणते. मी हिला सांगितलं, झालं असेल काही तर कबूल कर, घरातल्या घरात मिटवू. हिचं एकच, मी नाही घेतली."

नवऱ्याच्या तोंडचं ते 'झालं असेल काही तर' ऐकून सुनंदाने डोळे मिटले. मला तिथे येऊन पाच मिनिटंही झाली नसतील, पण मला कळलं, की या बाईचं इथलं सगळं आयुष्य त्या लाल फडक्यात ठेवलंय. ही चोर ठरली तर या घरात ती उद्यापासून पाणीदेखील विचारून पिणार.

मी चष्मा लावला, भिंग काढलं. पितळेची पुतळी ओळखायला वेळ लागला नाही. पुतळीवर उभ्या पुरुषांच्या आकृती असतात, इथे पायघोळ झग्यातली एक परदेशी बाई हातात मशाल घेऊन उभी होती आणि तिच्या पायाशी दुसरी गुडघे टेकून बसली होती. लांबून बघितलं तर कोणीही फसेल. कडेला प्रदर्शनाचं नाव, तेही पुतळीवरच्या अक्षरांसारखं बारीक. मी सवयीने ती उलटी केली.

आणि माझा हात थांबला.

पाठीवरची मूळची पिनेची बिजागरी कानशीने घासून काढली होती. वर नवीन कडी झाळली होती. कडी उजवीकडून डावीकडे वळलेली. मी डावखुरी आहे. मुंबईतल्या कुठल्याही कारागिराची कडी अशी वळत नाही, माझी वळते. ते काम माझं होतं.

सगळं आठवलं, कारण त्या दिवशी मी भांडले होते. दुकानात गिऱ्हाईक नसताना एक म्हातारी आली होती. सुती लुगडं, पायांत रबरी चपला. तिने पदराची गाठ सोडली, आतून नमुन्याला एक सोन्याची पुतळी काढली आणि माझ्या ट्रेमधल्या एकेका ब्रोचला ती लावून बघू लागली. शेवटी हा उचलला. मी तो डॉक्टरांसाठी राखून ठेवला होता. असा ब्रोच मी पुन्हा बघितला नाही, इतका चांगला.

"ह्याची पिन काढ आणि वर कडी लाव," ती म्हणाली.

"आजी, पिन काढली की याची किंमत संपली. दुसरं काहीतरी दाखवते."

"माका किंमत नको गे बाय. माका गोल होया."

मी पुष्कळ समजावलं. मग तिने आवाज खाली घेतला. मुलीचा नवरा घरी बसलाय, म्हणाली, पोरीच्या फीचे वांधे. एक पुतळी मोडली, माळेत फट दिसते. "चेडवाच्या सासरी कळूक नको. माझ्या झिलाकव कळूक नको, तो म्हणतलो, घरचा सोना भायर दिलंस. आणि चेडवाक तर अजिबात कळूक नको. ता घेवचा नाय मगे." मुलाला कळायला नको, आणि मुलीला कळलं तर ती घेणारच नाही, हे सांगताना म्हातारी थोडी हसली होती. मी कानस उचलली. त्या पिनेवर कानस चालवताना दाताखाली खडा आल्यासारखं झालं, पण चालवली.

एवढं आठवून मी मान वर केली आणि कोपऱ्याकडे बघितलं. म्हातारी उठून बसली होती. लुगडं तसंच, केस आता पूर्ण पांढरे. तिने मला दारातून आल्याबरोबर ओळखलं असणार, म्हणूनच भिंतीकडे तोंड केलं होतं. आता ती माझ्याकडे बघत होती आणि अगदी थोडी, कोणाला दिसणार नाही इतकी, मान हलवत होती. नको.

"बोला ना," शैला म्हणाली. "आमची आई कधी कोणाकडे पाच पैसे मागणारी नाही हो. मध्यंतरी आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा स्वतःच्या भिशीतले पैसे आणून माझ्या हातात ठेवले तिने. भिशीतले! त्या पैशांवर माझं घर उभं राहिलं. आणि अशा बाईच्या माळेत हिने हात घातला."

मी शैलाकडे बघितलं, मग म्हातारीकडे. म्हातारीने मान खाली घातली. भिशी. तर असं सांगून दिले होते तिने.

ते पितळ माझ्या हातातच होतं. खोटं बोलता आलं असतं. 'ही माळेत फार पूर्वीपासून आहे' म्हटलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं. पण वस्तूबद्दल खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही. माणसांबद्दल एक वेळ वळेल.

"हा मुळात ब्रोच आहे," मी म्हटलं. "परदेशातल्या प्रदर्शनातला, फार जुना. पण पिन काढून कडी लावली ती नंतर, इथे मुंबईत. तन्वी शाळेत असेल तेव्हा."

"बघितलंस दादा! म्हणजे माळ हिच्याकडे असतानाच. कोणी लावली कडी?"

"मी."

मोहन खिडकीपासून पुढे आला.

"तुम्ही? म्हणजे खोटी पुतळी तुम्ही बनवून दिलीत?"

"मला आणलेल्या वस्तूला मी कडी लावून दिली."

"कोणाला?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही. कधीच नाही. पण एवढं सांगते, या तुमच्या मिसेस माझ्या दुकानात कधी आलेल्या नाहीत."

"स्वतः कशाला येईल? पाठवलं असेल कोणाला," शैला उभी राहिली. पर्स खाली पडली, तिने उचलली नाही. "आणि तुम्ही हिची बाजू का घेताय? हिने तुम्हाला आधीच फोन केला काय? दादा, ह्या बाईच खोटा माल करतात नि वर तज्ज्ञ म्हणून येतात. दोघींची नावं चौकीत दे तू."

मोहनने मोबाइल वर केला. "नाव सांगा, नाहीतर आपण सगळे आता खाली जाऊ. चौकी लांब नाही."

मी घाबरले. उगाच कशाला नाही म्हणू? या वयात पोलीस चौकीत बसायचं, खोटी पुतळी बनवणारी बाई म्हणून. अण्णांच्या नावाचं दुकान. डॉक्टरांना कळलं तर ते या वेळी विचार करायला महिना घेणार नाहीत, परत येणारच नाहीत. एक नाव उच्चारलं की मी सुटत होते आणि सुनंदाही सुटत होती. म्हातारी माझ्याकडे बघत बसली होती. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. बोल ना, मी मनात म्हणत होते, तुझी सून आहे ती, तुझं सगळं करते, बोल ना एकदा. ती बोलत नव्हती. तिची मुलगी शेजारी उभी होती, आणि मुलीसमोर तिला ते वाक्य उच्चारता येत नव्हतं.

मी तोंड उघडलंसुद्धा. पण माझ्याआधी सुनंदा बोलली.

"पुतळीच्या वजनाचं सोनं हवंय ना? थांबा."

ती टीपॉयपाशी येऊन उभी राहिली आणि हातातली पाटली ओढू लागली. लग्नातल्या पाटल्या होत्या. वर्षानुवर्षं न काढलेल्या, मनगट भरलेलं, हाडापाशी अडकली. ती आत गेली, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली, मनगटावर ओतलं. तेल फरशीवर ठिबकलं. आम्ही सगळे बघत होतो आणि कोणी हललं नाही. तिने दात आवळून पाटली ओढली, अंगठ्याचा सांधा लाल झाला, सालपट निघालं, आणि ती एकदम सुटून टीपॉयवर आपटली.

"सुनंदा, हे काय चाललंय," मोहन म्हणाला.

"भरून देतेय. घ्या शैलाताई. पण मी घेतली असं मी म्हणणार नाही. मेले तरी नाही." आणि तिने दुसऱ्या हाताला तेल लावलं.

शैलाही आता कावरीबावरी झाली होती. पण मागे कोण हटणार? दुसरी पाटली हाडापर्यंत आली, तेवढ्यात कॉटवरून आवाज आला.

"गो, थांब."

म्हातारी उभी राहिली होती, भिंतीला धरून. "घोव समोर उभो हा आणि हात मोकळो करतंस? सवाष्ण तू. घराक लगीन हा. घाल ती पाटली. आधी घाल."

"आई, तुम्ही झोपा," सुनंदा म्हणाली. तिला आता रडू फुटत होतं.

"खयची झोप. हिची किल्ली घेवन पुतळी मी काढलंय. ह्या बायकडे मीच गेललंय. तिका कित्याक धरतास? आणि हिका कित्याक?" मग मोहनकडे वळून म्हणाली, "फोन खाली ठेव."

त्याने ठेवला. मी न विचारता सोफ्यावर बसले. मला सुटका झाल्यासारखं वाटलं. ते वाटणं क्षणभरही टिकलं नाही, कारण शैला आईपुढे जाऊन उभी राहिली होती.

"तू? तू मोडलीस?"

"हां."

"आणि आम्हाला फसवलंस? पितळ लावून ठेवलंस? तन्वीला शब्द दिलेलास ना! व्याह्यांसमोर माझी काय अब्रू राहिली, माहितीय तुला? काय नडलं होतं एवढं?"

"नडला होता."

"कोणाचं? दादा, तुला दिले?"

"मला काही माहीत नाही गं," मोहन म्हणाला.

"मग कोणाला दिलंस? सांग ना! कोण एवढं लाडकं होतं तुझं, की नातीच्या गळ्यातलं काढून त्याच्या घशात घातलंस?"

म्हातारीने मुलीकडे बघितलं. रागाने नाही, आपण ताप आलेल्या पोराकडे बघतो तसं.

"होता एक माणूस," ती म्हणाली आणि कॉटवर बसली.

शैला बोलतच राहिली. आई म्हणून, नात म्हणून, विश्वास म्हणून. जिच्यासाठी म्हातारीने माळ मोडली ती तिलाच माळ मोडली म्हणून झापत होती, आणि म्हातारी ऐकत होती. मला ते सहन होईना. दोन शब्द पुरले असते. पण म्हातारीने सुनेसाठी स्वतःची लाज उघड्यावर टाकली होती आणि उरलेलं एवढंच मागे ठेवलं होतं. ते हिसकावून घेणारी मी कोण?

मग शैला माझ्याकडे वळली. "तुम्हाला म्हणाली असेल ना काहीतरी? कोणासाठी?"

"गिऱ्हाईक कारण सांगत नाही," मी म्हटलं, "आणि मी विचारत नाही." धडधडीत खोटं.

त्याच वेळी मी सुनंदाकडे बघितलं. ती तेलकट हात तसेच धरून उभी होती. तन्वी शाळेत असतानाची गोष्ट, भिशीचे पैसे, कंपनी बंद पडलेली. तिच्या चेहऱ्यावर ते एकेक जुळत गेलेलं मला स्पष्ट दिसलं. तिने शैलाकडे बघितलं. ओठ उघडले. दिवसभर तिला चोर म्हणणाऱ्या नणंदेला गप्प करायला तिच्याकडे आता एक वाक्य होतं, आणि ते म्हणायचा तिच्याइतका हक्क त्या खोलीत कोणालाच नव्हता.

"आई, चहात साखर घालू ना?" ती म्हणाली. "सकाळपासून तुम्ही काही घेतलं नाहीये." आणि आत गेली.

चहा झाला. शैलाने वहिनीला सॉरी म्हटलं नाही. "ती पाटली घाल गं," एवढंच म्हणाली, तेही कपाकडे बघत. तन्वी मात्र आजीजवळ जाऊन बसली आणि तिने तो ब्रोच माझ्याकडून मागून घेतला. मोहनने मला टॅक्सी बोलावून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. त्याच्याशी बोलायची मला इच्छा नव्हती.

सुनंदा मला सोडायला लिफ्टपर्यंत आली. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती.

"शैलाताईंसाठीच ना?" तिने हळूच विचारलं.

मी बटण दाबत राहिले.

"नका सांगू. मला कळलं." ती पदराने मनगट पुसत होती, तिथे सालपट निघालेलं. "चोर म्हणाली ती मला. माझ्या नवऱ्यासमोर. आणि तो ऐकून घेत होता, ते मी विसरणार नाहीये. अगदी जिभेवर आलं होतं हो ताई. एक वाक्य बोलले असते तर आत्ता ती रडत बसली असती."

"मग का नाही बोललात?"

"आईंनी माझ्यासाठी तोंड उघडलं," ती म्हणाली. "मग माझं मी बंद ठेवते."

लिफ्ट आली. मी तिचा तो तेलकट हात धरला, आणि दार दोनदा मिटून पुन्हा उघडलं तरी सोडला नाही.